बरणीवरचं लेबल चुकलं अन् पोराचे डोळे गेले, त्याच पोरानं पुढे लाखोंची नजर वाचवायचं काम उभं केलं

१९३१ साल. इंग्लंडमधल्या स्कारबरोच्या एका शाळेत केमिस्ट्रीचा तास चालू होता. १२ वर्षांचा जॉन विल्सन बर्नरवर रसायन तापवत होता. ते ज्या बरणीतून घेतलं होतं, तिच्यावरचं लेबलच चुकीचं होतं. स्फोट झाला आणि जॉनचे दोन्ही डोळे कायमचे गेले.

एका लेबलची चूक. टाळता आली असती, एवढीच.

जॉनचे वडील धर्मोपदेशक होते. घरच्यांनी रडत बसण्याऐवजी पोराला वूस्टरच्या अंध मुलांच्या शाळेत घातलं. तिथून तो ऑक्सफर्डला गेला, कायदा शिकला. दुसरं महायुद्ध चालू होतं, कारखान्यांना माणसं कमी पडत होती. अंध माणसंही मशीनवर काम करू शकतात हे मालकांना पटवून त्यांना नोकऱ्या मिळवून द्यायच्या, हे विल्सन यांचं पहिलं काम. १९४४ मध्ये जीन यांच्याशी लग्न झालं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

१९४६ मध्ये विल्सन आफ्रिका आणि मध्यपूर्वेच्या दौऱ्यावर निघाले. ब्रिटिशांच्या वसाहतींमध्ये अंधांची अवस्था काय आहे हे बघायचं होतं. इंग्लंडमध्ये अंध माणसाला शाळा होती, काम होतं. इथं गावंच्या गावं अशी, की पन्नाशीच्या आत कित्येकांची नजर गेलेली. आणि त्यातले बहुतेक आजार असे, की वेळेत औषध मिळालं असतं, पोटाला नीट मिळालं असतं किंवा छोटं ऑपरेशन झालं असतं तर नजर गेलीच नसती. म्हणजे पुन्हा तेच. टाळता आलं असतं.

परत येऊन त्यांनी अहवाल दिला आणि १९५० मध्ये 'ब्रिटिश एम्पायर सोसायटी फॉर द ब्लाइंड' ही संस्था सुरू झाली. नावातच एम्पायर आहे, त्यामुळे आपल्याला ते खटकणारच. पुढे साम्राज्य गेलं, नाव 'रॉयल कॉमनवेल्थ सोसायटी फॉर द ब्लाइंड' झालं आणि आज जग तिला 'साइटसेव्हर्स' म्हणून ओळखतं. १९८३ पर्यंत, म्हणजे तब्बल ३३ वर्षं, विल्सन तिचे संचालक होते.

आता गोष्ट घानाच्या उत्तरेकडच्या नाकोंग गावाची. तेव्हा त्या देशाला गोल्ड कोस्ट म्हणायचे. जॉन आणि जीन तिथं मातीच्या झोपडीत राहिले. गावात आंधळे झालेले शेतकरी दोरीच्या आधारानं शेतापर्यंत जायचे.

कारण होतं एक काळी माशी. ही माशी जोरात वाहणाऱ्या नदीत अंडी घालते. ती चावली की माणसाच्या अंगात एका जंताच्या अळ्या शिरतात. जंत मोठे होऊन कातडीखालच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षं राहतात आणि लाखो सूक्ष्म पिल्लं सोडत राहतात. ती कातडीभर पसरतात, भयंकर खाज सुटते. डोळ्यात पोचली आणि तिथं मेली की डोळा सुजतो आणि हळूहळू पांढरा पडतो. एकदा चावून असं होत नाही, वर्षानुवर्षं चावे बसावे लागतात. म्हणून नदीकाठचीच माणसं जास्त आंधळी व्हायची. शेवटी लोक नदीकाठची सुपीक जमीन सोडून पळायचे आणि वरच्या खडकाळ रानात उपाशी राहायचे.

या आजाराचं डॉक्टरी नाव आहे ऑन्कोसर्कायसिस. एका दमात म्हणून बघा. ज्या आजाराचं नावच घेता येत नाही त्याच्यासाठी देणगी कोण देणार? जीन विल्सन यांनी त्याला सोपं नाव दिलं, 'रिव्हर ब्लाइंडनेस', म्हणजे नदीचं आंधळेपण. तेच नाव जगभर रुळलं. माझ्या मते या सगळ्या कामातली ही सगळ्यात कमी चर्चेतली आणि सगळ्यात हुशारीची गोष्ट.

माशीचा बंदोबस्त अर्थात एकट्या विल्सन यांनी केला नाही. १९७४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक वगैरेंनी मिळून पश्चिम आफ्रिकेत मोहीम काढली. हेलिकॉप्टरमधून नद्यांवर अळीनाशक फवारलं जायचं. १९८७ पासून मर्क कंपनीनं या आजारावरची गोळी फुकट द्यायला सुरुवात केली. ती गोळी तुम्हाला माहितीय. कोरोनात घराघरात नाव पोचलेलं आयव्हरमेक्टिन ते हेच, फक्त तिचं खरं काम हे होतं. २००२ मध्ये मोहीम संपली तेव्हा अंदाजे ६ लाख लोकांची नजर वाचली होती आणि ओस पडलेली अडीच कोटी हेक्टर जमीन पुन्हा वापरात आली होती.

ज्यांची नजर आधीच गेली होती त्यांचं काय? त्यांच्यासाठी संस्थेनं युगांडात सलामा इथं अंध शेतकऱ्यांचं प्रशिक्षण केंद्र काढलं. १९६९ मध्ये तर पूर्व आफ्रिकेतल्या अंध तरुणांना घेऊन थेट किलिमांजारो चढवला. दया नको, काम द्या, असा सगळा मामला होता.

भारतात अडचण वेगळी होती, मोतीबिंदू. १९६५ मध्ये विल्सन यांची भेट मदुराईच्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांच्याशी झाली. संधिवातानं बोटं वाकडी झालेली असतानाही डोळ्यांची ऑपरेशनं करणारा हा डॉक्टर. दोघांची दोस्ती जमली आणि विल्सन यांच्या संस्थेनं खेडोपाडीच्या नेत्र शिबिरांना मदत केली. वेंकटस्वामींनी १९७६ मध्ये ११ खाटांचं अरविंद हॉस्पिटल सुरू केलं. त्याच वर्षी भारत सरकारनं अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रमही आणला. त्याआधी १९७५ मध्ये अंधत्व रोखण्यासाठीची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली होती, तिचे पहिले अध्यक्ष विल्सनच. 'सर' हा किताबही त्याच वर्षी मिळाला.

निवृत्तीनंतरही गडी स्वस्थ बसला नाही. फक्त डोळेच कशाला, टाळता येणारं कुठलंही अपंगत्व का सोसायचं, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळावर 'इम्पॅक्ट' नावाचं काम सुरू केलं. त्याची भारतातली शाखा मुंबईत निघाली. याच मुंबईच्या संस्थेनं १९९१ मध्ये रेल्वेच्या जुन्या तीन डब्यांचं हॉस्पिटल करून रुळावर आणलं. मोतीबिंदू, दुभंगलेले ओठ, पोलिओनं वाकडे झालेले पाय, कानाचे आजार, सगळ्याची ऑपरेशनं फुकट, तीही पेशंटच्या गावाजवळच्या स्टेशनात.

तीच ती लाईफलाईन एक्सप्रेस. सर जॉन विल्सन १९९९ मध्ये गेले, तोवर ती देशभर फिरायला लागून आठ वर्षं झाली होती.