महामहोपाध्याय काणे आणि त्यांचा जुना पोटशूळ

महामहोपाध्याय डॉ. पांडुरंग वामन काणे यांचे नाव आपल्या ज्ञातीत घरोघरी अभिमानाने घेतले जाते. १९६३ साली त्यांना ‘भारतरत्न’ हा बहुमान मिळाला, हेही बहुतेकांस ठाऊक असते. परंतु ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ ज्या देहाने लिहिला त्या देहाची हकिगत सहसा कोणी सांगत नाही.

काणे यांचा जन्म ७ मे १८८० रोजी चिपळूणनजीक परशुराम-पेढे येथे आजोळी झाला. वडील दापोलीस वकिली करीत. तेथील मिशन हायस्कुलातून ते मुंबईस विल्सन कॉलेजात गेले. १९०४ मध्ये रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक म्हणून आले व सुमारे तीन वर्षे येथे राहिले. पुढे मुंबईस त्यांनी वकिली आरंभिली.

पोटाचे दुखणे त्यांना तरुणपणापासूनच होते. लहान आतड्याच्या आरंभी व्रण होऊन त्याची वेदना वर्षानुवर्षे त्यांच्या सोबतीस राहिली. हा विकार मोठा लहरी असतो. पोट रिकामे झाले की कळ येते, मध्यरात्री झोप मोडते, चार घास खाल्ले की थोडा आराम पडतो आणि पुन्हा तेच. कित्येक आठवडे बरे जातात व रोगी निर्धास्त होतो न होतो तोच दुखणे परत येते. तिखट खाणे आणि चिंता यांमुळेच हा रोग जडतो, अशी त्या काळी सार्वत्रिक समजूत होती. बहुतेक व्रणांच्या मुळाशी एक जंतू असतो, हे ऑस्ट्रेलियातील वॉरेन व मार्शल या डॉक्टरांनी १९८० नंतरच्या दशकात दाखवून दिले. तोवर कित्येक रोग्यांस दुखण्याबरोबर ‘स्वभावच तसा’ हा ठपकाही सोसावा लागला. आपल्या घरांतून तो अद्यापि ऐकू येतो, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

अशा स्थितीत काणे यांनी ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाची आवृत्ती सिद्ध केली. तिला जोडावयाची प्रस्तावना वाढत वाढत स्वतंत्र ग्रंथच झाली. पहिला खंड १९३० साली निघाला, दुसरा १९४१ साली. मधली अकरा वर्षे आळसात गेली नव्हती. कोर्टाचे काम चालू होते, संस्कृत पोथ्यांचे वाचन चालू होते आणि दुखणेही चालू होते. ही गोष्ट त्यांनी लपविली नाही. ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या व्याधीचा नावानिशी उल्लेख केला. तक्रारीचा सूर न लावता, कामातील एक अडचण म्हणून, इतक्या सरळपणे तो केला की वाचणारा क्षणभर थांबतो. दुखणे सांगितल्याने माणसाची योग्यता उणी होते, असे मानणाऱ्या पिढीतील हा गृहस्थ होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या सरळपणाचे मोल कळते.

वेदनेमुळे ते थोर झाले, असे मात्र म्हणवत नाही. ती नसती तर ग्रंथ कदाचित लवकर पुरा झाला असता. तिच्यासाठी जागा ठेवून उरलेल्या वेळात त्यांनी काम केले, एवढेच खरे. त्या उरलेल्या वेळातच मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद (१९४७ ते १९४९) आणि राज्यसभेचे सदस्यत्वही बसले. केशवपन न केलेल्या विधवेस पंढरपूरच्या देवळात पूजेचा अधिकार असावा, म्हणून ते कोर्टातही झगडले. शास्त्राचा एवढा व्यासंगी या बाजूने उभा राहिला, याचे त्या वेळी अनेकांस नवल वाटले असेल.

तिसरा खंड १९४६ साली व चौथा १९५३ साली प्रसिद्ध झाला. चौथ्यास १९५६ मध्ये साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. पाचव्या खंडाचा अखेरचा भाग १९६२ साली बाहेर पडला, तेव्हा काणे ब्याऐंशी वर्षांचे होते आणि सर्व खंड मिळून पृष्ठसंख्या सहा हजारांवर गेली होती. १९७२ साली, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांचे निधन झाले.