फादर जेरोम झेवियर आणि असीरगढचा वेढा

बुऱ्हाणपूरच्या उत्तरेस, सातपुड्याच्या खिंडीवर पहारा देत उभा असलेला असीरगढ अकबर बादशहाने इ. स. १६०० मध्ये वेढला, तेव्हा मोगल छावणीत एक युरोपीय धर्मगुरू वावरत होते. ते म्हणजे जेझुइट संघाचे फादर जेरोम झेवियर. गोव्यात ज्यांचे शव आजही जतन केलेले आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियरांचे ते नात्याने नातू. स्पेनमधील नावार प्रांतात १५४९ साली त्यांचा जन्म झाला. १५८१ मध्ये ते हिंदुस्थानात आले, वसई व कोची येथे अधिकारपदे सांभाळली आणि १५९५ मध्ये लाहोरला अकबराच्या दरबारी पोहोचले.

त्यांच्या उपदेशाचा गाभा एकच होता. आद्य मानवाच्या आज्ञाभंगापासून सारी मनुष्यजात पापाने डागाळलेली आहे. राजा आणि रंक, पुरोहित आणि यजमान, कोणीही त्यातून सुटलेला नाही. स्वतःच्या पुण्याईवर ही सुटका साधत नाही. ती ईश्वराने ख्रिस्ताद्वारे दिलेली कृपा आहे. माणसाने ती पश्चात्तापपूर्वक स्वीकारायची असते. ‘पतितपावन’ हा शब्द मराठी भाविकाला परका नाही. पण पूर्वजन्मींच्या संचिताऐवजी अखिल मानवजातीचे समाईक पतन मानणे, हा विचार त्याला नवा वाटावा.

ज्याला सारे जग मुजरा करते त्या बादशहासमोर हे सांगणे सोपे नव्हते. असीरगढाखाली त्याची कसोटी लागली. फारुकी घराण्याचा शेवटचा सुलतान बहादुरखान याला अभयाची शपथ देऊन बोलावले आणि अडकवून ठेवले, असे जेझुइट वृत्तांत सांगतो. अबुल फजल मात्र गडावरील रोगराईचा हवाला देतो, आणि इतिहासकारांत यावर अद्याप एकमत नाही. धनी हाती आला तरी गड झुंजतच राहिला. तेव्हा चौलच्या पोर्तुगीजांकडून तोफा मागवण्यासाठी पत्र लिहावे, असे अकबराने झेवियरांना फर्मावले. हे आपल्या धर्माला सोडून होईल, असे सांगून त्यांनी नकार दिला. बादशहा संतापला आणि त्यांना काही काळ त्याच्या नजरेआड राहावे लागले. या नकारात केवळ धर्मबुद्धी होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. खानदेशचे राज्य टिकण्यात पोर्तुगीजांचाही स्वार्थ होता. सर्वांच्या पापाची शिकवण देणारा उपदेशकही त्या शिकवणीतून वगळला जात नाही.

जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. वृत्तांतानुसार सोन्याच्या किल्लीने दरवाजे उघडले. आत सात पोर्तुगीज सापडले. त्यांनी ख्रिस्ती धर्म सोडून इस्लाम स्वीकारला होता आणि गडाच्या बचावाला हात दिला होता. जन्माचा धर्म टाकणारे हे लोक देहदंडास पात्र आहेत, असे अकबराचे मत पडले. झेवियरांनी त्यांना मागून घेतले. धर्मत्याग हे ख्रिस्ती दृष्टीने घोर पातक. पण कृपेची गरज निर्दोषाला नसते, पतितालाच असते. ते सातही जण पुन्हा ख्रिस्तमंडळीत घेतले गेले. झेवियरांच्या दीर्घ दरबारी आयुष्यात, जिथे धर्मांतरे फारशी घडली नाहीत, तिथे त्यांच्या शिकवणीचे इतके उघड प्रत्यंतर दुसरे क्वचितच आढळेल.

पुढे आग्र्यास १६०२ मध्ये, अब्दुस सत्तार यांच्या साहाय्याने फारसीत लिहिलेले ख्रिस्तचरित्र ‘मिरात-उल-कुद्स’ त्यांनी अकबराला सादर केले. जहांगीराच्या कारकीर्दीत १६०९ साली संवादरूपी ‘आईना-ए-हकनुमा’ पुरे झाले. ही पुस्तके बहुतांशी दरबारी विद्वानांपुरतीच राहिली. उतारवयात ते गोव्याला परतले. तिकडे, सालसेत प्रांतातील राशोल येथे, फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून झाले होते. आदामाच्या पतनाची आणि तारणाची तीच कथा तेथे मराठी ओवीत आली. दुसऱ्याच वर्षी, जून १६१७ मध्ये, झेवियरांनी गोव्यात देह ठेवला.