शहराच्या कचऱ्याला मातीची वाट दाखवणारे सर अल्बर्ट हॉवर्ड

सेंद्रिय खताविषयीच्या जगभरातील ग्रंथांमध्ये एका भारतीय शहराचे नाव गेली अनेक दशके आदराने घेतले जाते. ते शहर म्हणजे इंदूर. ‘इंदूर पद्धती’ या नावाने प्रसिद्ध असलेली कंपोस्ट खत तयार करण्याची रीत १९२४ ते १९३१ या काळात तेथे सिद्ध झाली. मुळात ती शेतातील काडीकचऱ्यासाठी होती. परंतु काही वर्षांतच नगरपालिकांनी ती घराघरांतून निघणाऱ्या कचऱ्यासाठी उपयोगात आणली. या पद्धतीचे प्रवर्तक सर अल्बर्ट हॉवर्ड हे ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ होते.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील एका शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिज येथील शिक्षणानंतर त्यांनी वेस्ट इंडीजमध्ये उसावरील बुरशीजन्य रोगांचा अभ्यास केला. प्रयोगशाळेत बसून रोगांवर उपाय सुचवायचे, पण ते करून पाहायला स्वतःची शेती नाही, ही अवस्था त्यांना तेथेच खटकू लागली होती. १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत त्यांची नियुक्ती झाली आणि त्याच वर्षी गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गॅब्रिएल या स्वतः वनस्पती-शरीरक्रियाशास्त्राच्या अभ्यासक होत्या. पुसा येथील गव्हाच्या सुधारित जातींचे श्रेय या दोघांचे आहे. कंपोस्टच्या इतिहासात मात्र त्यांचा उल्लेख बहुधा पतीच्या सावलीतच येतो, हे न्यायाचे नाही.

पुसा परिसरातील शेतकरी कोणतेही कीटकनाशक न वापरता बऱ्यापैकी निरोगी पिके घेतात, हे हॉवर्ड यांच्या लक्षात आले. या शेतकऱ्यांना शिकवण्याआधी त्यांच्याकडून शिकावे, असे त्यांनी ठरवले. त्या काळातील एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने ही भूमिका असाधारणच म्हणावी लागेल. संस्थेतील संशोधन निरनिराळ्या विभागांत विखुरलेले असल्याने पिकाचा समग्र विचार होत नाही, अशी त्यांची तक्रार होती. अखेर कापूसविषयक मध्यवर्ती समितीचे अर्थसाहाय्य आणि होळकर संस्थानाने दिलेली सुमारे ३०० एकर जमीन यांच्या बळावर १९२४ मध्ये इंदूर येथे वनस्पती-उद्योग संस्था उभी राहिली.

योगायोग असा की, सहाच वर्षांपूर्वी, १९१८ मध्ये, नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी इंदूर दरबारला सादर केलेल्या अहवालात शहरातील मैला व केरकचरा गटारात न लोटता बागा आणि मळ्यांकडे वळवावा, असा विचार मांडला होता.

शेणाच्या गोवऱ्या जळणात जातात, त्यामुळे जमिनीला खत पुरत नाही, ही भारतीय शेतीची जुनी अडचण होती. पालापाचोळा, पिकांची धाटे आणि तण यांत थोडे शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख मिसळून ते मिश्रण दोन-तीन फूट खोल खड्ड्यांत रचले, तर ती तूट भरून काढता येते, हे इंदूरच्या प्रयोगांनी दाखवले. मिश्रण ओलसर हवे, पण चिखल नको. हवा खेळती हवी, म्हणून ते तीन वेळा खालीवर करायचे. सुमारे तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत आणि दुर्गंधी नसलेले खत तयार होई. या क्रियेत ढिगाचे तापमान आरंभी ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. शहरांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब हीच होती, कारण या उष्णतेत रोगजंतू आणि माश्यांच्या अळ्या टिकत नाहीत.

या कामातील सहकारी यशवंत वाड हे संस्थेत रसायनशास्त्राचे मुख्य सहायक होते. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेतीतील टाकाऊ पदार्थांविषयीच्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्यासोबत त्यांचेही नाव आहे. गॅब्रिएल यांचे १९३० मध्ये निधन झाले आणि पुढच्याच वर्षी हॉवर्ड यांनी भारत सोडला. त्यानंतर जॅक्सन आणि वाड यांनी हीच रीत शहरातील केरकचरा व मैला यांना लागू करून १९३४ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. मध्य भारत आणि राजपुतान्यातील काही ठिकाणी, तसेच कलकत्त्याजवळील टॉलिगंज नगरपालिकेत ती वापरली गेली. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या महात्मा गांधींनीही या संस्थेला भेट दिली होती. मैला वाहण्याचे काम मात्र जातीने लादलेले होते, आणि ज्यांच्या हातांनी हे खड्डे भरले त्यांची नावे या इतिहासात सापडत नाहीत.

१९३४ मध्ये ‘सर’ हा किताब मिळालेल्या हॉवर्ड यांनी इंग्लंडमध्येही हाच आग्रह धरला. लंडनच्या सदर्क भागातील दळलेला कचरा ससेक्समधील हॉप्सच्या मळ्यांत वापरला जात असल्याचे उदाहरण ते देत. १९४० मधील त्यांच्या ग्रंथाने सेंद्रिय शेतीच्या चळवळीला अधिष्ठान दिले. रासायनिक खतांविषयी त्यांची मते टोकाची होती. जमिनीची सुपीकता आणि माणसाचे आरोग्य यांचा त्यांनी जोडलेला थेट संबंधही पुराव्यापेक्षा श्रद्धेवर अधिक आधारलेला होता, असे आज म्हणावे लागते.

त्यांच्या काळातील घरगुती केरात राख, भाज्यांची देठे, चिंध्या आणि मातीची खापरे असत, प्लास्टिक नव्हते. १९७० च्या दशकात भारतातील मोठ्या शहरांत उभारलेले यांत्रिक कंपोस्ट प्रकल्प याच फरकापुढे हतबल ठरले. मिश्र कचऱ्यापासून बनलेल्या खतात काच आणि प्लास्टिकचे तुकडे येऊ लागल्यावर शेतकऱ्यांनी ते नाकारले आणि बहुतेक प्रकल्प बंद पडले. २०१६ च्या नियमांनी कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. इंदूर महापालिकेने ही शिस्त घरोघरी रुजवली आणि २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर सातत्याने अग्रस्थानी राहिले. २०२२ मध्ये तेथे ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करणारा, दररोज ५५० टन क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी लंडन येथे हॉवर्ड यांचे निधन झाले. त्यांच्या द्वितीय पत्नी आणि गॅब्रिएल यांच्या भगिनी लुईझ यांनी १९५३ मध्ये त्यांच्या भारतातील कार्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या जमिनीवर कंपोस्टचे पहिले खड्डे खणले गेले, तेथे पुढे इंदूरचे कृषी महाविद्यालय उभे राहिले.