रमाईचा हिशेब

दरवर्षी ७ फेब्रुवारीला आपल्या वस्त्यावस्त्यांत माता रमाईची जयंती होते. त्यागमूर्ती म्हणून भाषणे होतात, हार घातले जातात आणि पुरुष मंडळी घरी जाऊन बायकोच्या हातचे ताट वाढून घेतात. रमाईचा त्याग आम्हालाही वंदनीय आहे. पण तिचा हिशेब आम्ही कधी वाचलाच नाही, ही आमची तक्रार आहे.

दापोलीजवळच्या वणंद गावात १८९८ साली रमाई जन्मल्या. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. आईवडील लवकर गेले आणि पोरकी मुले काकामामांबरोबर मुंबईला आली. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, दुकाने बंद झाल्यावर रात्री लग्न लागले. वर भीमराव शाळेत शिकत होते, वधू आठ-नऊ वर्षांची होती.

१९१३ च्या फेब्रुवारीत सुभेदार रामजी वारले आणि त्याच वर्षी बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. ते तिकडे पोटाला चिमटा घेत होते, इकडे रमाई शेण गोळा करून गोवऱ्या थापत होत्या. पाच अपत्यांपैकी चार दगावली, एकटे यशवंतराव राहिले. हे घर गरिबीत चालले एवढेच आपण सांगतो. ते कोणी चालवले, हे सांगायचे राहून जाते.

नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम थोडी नव्हती. परळच्या चाळीतले घर सुखाने चालले असते, अंगावर दागिना आला असता. पण लंडनचे शिक्षण अर्धवट राहिले होते. म्हणून घरखर्चाला ठरावीक रक्कम आणि बाकीची शिल्लक, असा नियम झाला. महिन्याच्या पैशांच्या तीस पुड्या बांधून रमाई रोज एकच पुडी सोडत, अशी आठवण आपल्यात सांगितली जाते. अंदाजपत्रक म्हणतात ते याहून वेगळे काय असते? त्या शिल्लकेत शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांचे पाच हजारांचे कर्ज पडले, तेव्हा १९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला पोचले. तिथे त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला आणि तो १९२३ साली ग्रंथरूपाने निघाला. तोवर परळला रुपयाचा प्रश्न रमाई रोज सोडवत होत्या.

परत आल्यावर वकिलीच्या सनदेलाही पैसे नव्हते, तेही भथेनांनीच दिले. आम्ही वकील मंडळी काळा कोट चढवताना हे विसरतो.

बाबासाहेब मात्र विसरले नाहीत. ३ फेब्रुवारी १९२८ च्या 'बहिष्कृत भारता'त स्वतःच्या त्यागाची कैफियत मांडताना त्यांनी पत्नीने डोक्यावर वाहिलेल्या शेणाच्या भाऱ्यांची जाहीर नोंद केली आणि तिला दिवसाचा अर्धा तासही देता येत नाही, हेही कबूल केले. पुढे राजगृह उभे राहिले, पण तिथले सुख रमाईंना फार लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. १९४० च्या पाकिस्तानविषयक ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत त्या ओढगस्तीच्या दिवसांतली तिची सोबत बाबासाहेबांनी नमूद केली. घेणेकऱ्याचे नाव खात्यावर लिहिणारा हा नवरा होता.

आणि आपण? नवराबायकोचे दावे चालवताना एक गोष्ट आम्हाला नेहमी दिसते. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर, कर्जाचे हप्ते दोघांच्या कमाईतून आणि बायकोला बँकेचा कागद कधी दाखवलेला नसतो. चळवळीतले कार्यकर्तेही याला अपवाद नाहीत. आम्हीही कार्यक्रमाच्या पावत्या फाडून घरी आलो आहोत आणि मुलाची फी थकली हे बायकोकडून ऐकले आहे. वर रमाईचे उदाहरण तिलाच ऐकवले आहे. हा अपराध आम्ही लपवत नाही.

रमाईचे नाव घेऊन बायकोकडे त्याग मागणे सोपे आहे. बाबासाहेबांसारखी तिच्या वाट्याची नोंद करणे अवघड आहे. ज्यांनी स्त्रीला मालमत्तेचा हक्क मिळावा म्हणून हिंदू कोड बिल मांडले आणि ते रखडले तेव्हा १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्यांच्या अनुयायाच्या घरात बायकोला पगाराचा आकडा ठाऊक नसावा, ही शरमेची गोष्ट आहे.

म्हणून समाजबांधवांना आमचे सांगणे एवढेच. पगाराच्या दिवशी दोघांनी एकत्र बसावे. आवक, हप्ते, मुलांचे शिक्षण आणि चळवळीचे दान एका वहीत लिहावे. घराच्या कागदावर दोघांची नावे घालावीत. कर्जाला जामीन राहण्याआधी घरात विचारावे. दान जरूर द्यावे, पण दोघांच्या संमतीने द्यावे. येत्या जयंतीला हार घालण्यापूर्वी ही वही उघडली, तर रमाईला खरे अभिवादन होईल.

जयभीम!