अष्टकोनामागचा माणूस
(शेवटचे वर्ष, मेकॅनिकल)

मागच्या उन्हाळी सुट्टीत मी गावाला गेलोच नाही. कारणं दोन. एक, मशीन डिझाइनचा बॅकलॉग. दुसरं, पेठनाक्याच्या अलीकडे एका गॅरेजात ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी. पहिलं कारण घरी सांगितलं होतं. दुसरं आज इथं पहिल्यांदाच सांगतोय.

गाडी म्हणजे १९५१ ची एम.जी. टीडी. दोन माणसांची, कापडी छताची, लांब नाकाची आणि उजव्या हाताला स्टीअरिंग असलेली. कुणाच्या तरी वाड्यात मागच्या सोप्याला तीस-पस्तीस वर्षं ती उभी होती. सीटच्या मागं कोंबड्यांनी संसार थाटलेला, बॉनेटखाली उंदरांनी. मालकांनी मिस्त्रींना दसऱ्यापर्यंतची मुदत दिली होती. तोवर मूळचं इंजिन बोललं तर ठीक, नाहीतर ते भंगारात आणि त्याजागी जीपचं डिझेल इंजिन. मालकांचंही चूक नव्हतं म्हणा. त्यांना गाडी मिरवायची होती, म्युझियम करायचं नव्हतं. मिस्त्री मात्र मुदत ऐकल्यापासून गप्प झाले होते.

पहिल्याच आठवड्यात मी घोळ घातला. इंजिनाचे बोल्ट खोलायला घेतले तर १३ चा पाना बसेना आणि १४ चा नुसता फिरायला लागला. मला वाटलं बोल्ट झिजलेत. पक्कड लावून कसेबसे काढले. जोडताना एक बोल्ट सापडेना, म्हणून इस्लामपुरातल्या हार्डवेअरच्या दुकानातून ८ एमएमचा नवा आणला. दोन आटे सरळ गेला आणि अडला. मी आपली ताकद दाखवली. ब्लॉकमधले आटेच गेले! मिस्त्री एक शब्द बोलले नाहीत, फक्त त्या संध्याकाळी मला चहा विचारला नाही. पुढं ते भोक मोठं करून, आत बूश बसवून, नव्यानं आटे पाडावे लागले. दोन दिवस गेले.

झालं काय होतं, तर त्या बोल्टचं डोकं इंग्लिश व्हिटवर्थ मापाचं आणि आटे मेट्रिक. तेही आपल्याकडं मिळणारे सव्वा एमएम पिचचे नव्हेत, एक एमएम पिचचे. असा अर्धनारीनटेश्वर कुणी आणि का बनवला, हे शोधत मी लायब्ररीत आणि नेटवर बसलो आणि मला सेसिल किंबर भेटला. गाडीवरच्या त्या अष्टकोनी बिल्ल्यामागचा माणूस.

बोल्टचं कोडं आधी सोडवतो. हॉचकिस ही फ्रेंच शस्त्रास्त्र कंपनी. पहिल्या महायुद्धात तिनं इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला कारखाना टाकला. युद्ध संपलं, मशीनगनची मागणी गेली, तेव्हा तिथं विल्यम मॉरिसच्या मोटारींची इंजिनं बनू लागली. १९२३ मध्ये मॉरिसनं तो कारखानाच विकत घेतला. मशिनरी सगळी फ्रेंच, म्हणजे आटे मेट्रिक. पण इंग्लंडच्या गल्लीतल्या मिस्त्रीकडं पाने व्हिटवर्थचे. मग डोकं त्याच्या पान्याचं, धड फ्रान्सचं! मशिनरी बदलण्यापेक्षा हे स्वस्त. पन्नाशीतल्या एम.जी.पर्यंत ही रीत तशीच चालत आली आणि शेवटी माझ्या मानगुटीवर बसली.

आता किंबर. जन्म १२ एप्रिल १८८८, लंडन. (आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बेळगावचं सायकलचं दुकानही १८८८ चंच. उगाच लक्षात राहिलं.) घरचा धंदा छपाईच्या शाईचा. पोरगं शाळा संपवून वडिलांच्या हाताखाली लागलं, पण जीव मोटारसायकलीत. १९१० मध्ये मित्राची मोटारसायकल चालवताना मोठा अपघात झाला आणि उजवी मांडी व गुडघा चुरडला. दोन वर्षं ऑपरेशनं चालली. पाय कापायची वेळ आली होती, तो वाचला, पण दोन इंच आखूड झाला. पुढं आयुष्यभर किंबर लंगडत चालला. नुकसानभरपाईचे पैसे मिळाले, त्यातून त्यानं काय करावं? १९१३ मध्ये सिंगर कंपनीची छोटी मोटार घेतली.

इथं वडिलांशी वाजलं. शाईचा धंदा अडचणीत होता. पोरानं आपले पैसे त्यात घालावेत अशी वडिलांची अपेक्षा होती. पोरगं नाही म्हणालं आणि मोटारींच्या धंद्यात निघून गेलं. बाप-लेकाचं बोलणं तुटलं ते कायमचं. हे वाचलं त्या रात्री मी हॉस्टेलच्या जिन्यात बराच वेळ बसून होतो. आमच्या आप्पांचं खतांचं दुकान आहे, आणि दिवाळीला मी ते सांभाळणार नाही असं तोंडावर सांगून आलो होतो. त्यानंतर फोन यायचा तो आईचाच. दुसऱ्या दिवशी मीच आप्पांना फोन लावला. पाऊस कधी येईल, ऊस कसा आहे, एवढंच बोललो. असो.

पुढची सात-आठ वर्षं किंबरनं नोकऱ्या बदलण्यात घालवली. शेफिल्ड-सिम्प्लेक्स, मग ए.सी. कार्स, मग विमानं बनवणारी मार्टिनसाइड, मग बर्मिंगहॅमला गिअर बनवणारी रिग्ली. रिग्लीत असताना एका मोटार कंपनीत पैसे गुंतवले तेही बुडाले. प्लेसमेंटला एक कंपनी हुकली की आपण आठवडाभर मेस सोडतो, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

१९२१ मध्ये तो ऑक्सफर्डला मॉरिस गॅरेजेसमध्ये विक्री व्यवस्थापक म्हणून लागला आणि पुढच्याच वर्षी जनरल मॅनेजर झाला. मॉरिस गॅरेजेस म्हणजे मॉरिसच्याच मालकीचं गाड्या विकण्या-दुरुस्तीचं दुकान. कारखाना नव्हेच. किंबरचं डोकं असं की साधी मॉरिस काउली घ्यायची, तिची चासी थोडी खाली आणायची, स्प्रिंगा सुधारायच्या, वर देखणी हलकी बॉडी चढवायची आणि जास्त पैसे घ्यायचे. मॉरिस गॅरेजेसची आद्याक्षरं म्हणजे एम.जी. तो अष्टकोन तिथल्या हिशेबनिसानं काढला आणि १९२४ मध्ये त्याची नोंदणी झाली. हिशेबनिसानं काढलेला लोगो शंभर वर्षं टिकला, आणि आपण टेकफेस्टच्या लोगोसाठी समिती नेमतो!

१९२५ मध्ये किंबरनं स्वतःसाठी एक गाडी बनवून घेतली. पुढं तिला ओल्ड नंबर वन म्हणू लागले. खरं तर ती पहिली एम.जी. नव्हेच, हे नाव जाहिरातीचं. तिच्यात हॉचकिसचंच दीड लिटरचं इंजिन. ईस्टरच्या सुट्टीत लँड्स एंडच्या डोंगराळ शर्यतीला निघण्याआधी चासीला तडा गेलेला सापडला. घाईघाईनं दुरुस्ती करून गाडी काढली आणि किंबरनं सुवर्णपदक आणलं. त्यानंतर त्यानं काय करावं? मित्राला ३०० पौंडांना ती विकून टाकली. काही वर्षांनी कंपनीनं तीच गाडी १५ पौंडांना परत आणली. म्हणजे जुनी एम.जी. धुंडाळून दुरुस्त करायचा नाद खुद्द एम.जी.लाच पहिल्यांदा लागला म्हणायचा.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. किंबर इंजिनिअर म्हणून शिकलेला नव्हता. इंजिनं त्यानं डिझाइन केली नाहीत. ते काम एच. एन. चार्ल्ससारख्या माणसांनी केलं. किंबरकडं होती ती नजर. बॉनेट कुठं संपावं, मडगार्डची कमान कशी जावी आणि शेजारच्याकडं असलेल्या साध्या सुट्या भागांतून लोकांना हवं ते कसं बनवावं, हे त्याला दिसायचं. आमच्या काही सरांना हे पटणार नाही, पण मला ही इंजिनिअरिंगच वाटते.

याचा कळस म्हणजे १९२८ च्या लंडनच्या प्रदर्शनात आलेली मिजेट. मॉरिस मायनरची चासी, ८४७ सीसीचं इंजिन, वर प्लायवूड आणि कापडाची होडीच्या शेपटीसारखी बॉडी, आणि किंमत १७५ पौंड. स्पोर्ट्स कार ही श्रीमंतांची चैन होती, ती नोकरदाराच्या आवाक्यात आली. १९२९ मध्ये कारखाना ॲबिंग्डनला गेला. १९३१ मध्ये जॉर्ज आयस्टननं ७५० सीसीच्या एम.जी.नं ताशी १०० मैलांची वेस ओलांडली. एवढ्या लहान इंजिनानं हे आधी कुणी केलं नव्हतं. १९३३ मध्ये इटलीच्या मिल्ले मिलियात एम.जी.नं आपल्या गटात बाजी मारली, सांघिक बक्षीसही घेतलं. त्याच वर्षी नुव्होलारीसारखा इटालियन बादशहा एम.जी.त बसून अल्स्टरची टुरिस्ट ट्रॉफी जिंकला.

आणि १९३५ मध्ये सगळं फिरलं. एम.जी. तोवर मॉरिसची खासगी मालकी होती, ती त्यानं मॉरिस मोटर्सला विकली. रेसिंग विभाग बंद. डिझाइनचं काम ॲबिंग्डनहून काउलीला. किंबर खुर्चीत राहिला, पण पेन्सिल दुसऱ्याकडं गेली. रेसिंग पैसा खात होतं हे खरं, हिशेबाच्या वहीत मॉरिस चुकला नसेल. तरी किंबरला त्या काळात कामावर जाताना काय वाटत असेल, हे मला सारखं वाटत राहतं.

युद्ध सुरू झालं, गाड्या थांबल्या. कारखाना रिकामा ठेवायचा नाही म्हणून किंबरनं धावपळ करून आल्बेमार्ल विमानाच्या पुढच्या भागाचं काम मिळवलं. वरिष्ठांची परवानगी घेतली नाही, हा ठपका बसला. १९४१ मध्ये त्याला जायला सांगितलं. ज्या कंपनीला त्यानं नाव दिलं तिच्यातून. नंतर दोन ठिकाणी नोकरी केली, शेवटची पिस्टनच्या कंपनीत.

४ फेब्रुवारी १९४५. संध्याकाळी सहाची लीड्स एक्सप्रेस लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून निघाली. बोगद्यात चढ, रूळ नवे आणि गुळगुळीत. इंजिनाची चाकं जागीच फिरू लागली आणि अंधारात ड्रायव्हरला कळलंच नाही की गाडी मागं घसरतेय. शेवटचा डबा रुळावरून उतरून सिग्नलच्या खांबावर आदळला. दोन माणसं गेली. त्यातला एक किंबर. वय ५६. मोटारसायकलीतून वाचलेला माणूस, आयुष्यभर वेगाच्या गाड्या बनवून, मागं घसरणाऱ्या रेल्वेत गेला.

त्याच वर्षाच्या शेवटी एम.जी. टीसी बाजारात आली. ती आणि तिच्यामागची टीडी यांनी अमेरिकेला स्पोर्ट्स कारचं वेड लावलं. १२५० सीसीचं इंजिन मात्र १९३९ चं, किंबरच्या वेळचंच. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. अष्टकोन पुढं चिनी कंपनीकडं गेला आणि २०१९ पासून गुजरातेतल्या हलोलच्या कारखान्यातून आपल्या हायवेवर धावतोय. पेठनाक्यावर उभं राहिलं तर तासाभरात दोन-चार दिसतात.

आमच्या टीडीचं सांगायचं राहिलं. पत्र्याखाली तिचा सांगाडा ॲश लाकडाचा. दारांजवळचं लाकूड बोटानं चुरत होतं. ॲश कुठून आणणार? एका पडक्या वाड्याचं जुनं सागवान मिळालं, सुतारानं जुन्या तुकड्यांवरून नवे बेतले. क्रँकशाफ्ट कोल्हापूरला उद्यमनगरात ग्राइंड केला, बेअरिंगं इंग्लंडहून मागवली. दोन एसयू कार्बोरेटर जुळवायला मिस्त्री रबराची नळी कानाला लावून दोन्हींचा सुस्कारा ऐकायचे. माझ्याकडं व्हॅक्यूम गेज होता, तो त्यांनी बाजूला ठेवायला लावला. बॅटरी मात्र मला जोडू दिली, कारण या गाडीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं हे मी न विचारता सांगितलं. त्या दिवशी चहा मिळाला.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी किल्ली फिरवली. पेट्रोल पंपाची टकटक झाली, थांबली. स्टार्टरची दोरी ओढली. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा खोकून, मागं उंदरांच्या संसाराचा उरलासुरला कचरा उडवत इंजिन लागलं. मालक आले, भोवती एक फेरी मारली आणि वाकून फरशीवरचा तेलाचा डाग बघत गाडी गळतेय अशी तक्रार केली. आता या इंजिनाला मागच्या बाजूला ऑइल सील नसतंच, नुसती मळसूत्री खाच असते, ती फिरताना तेल आत ढकलते आणि उभी राहिली की थोडं टपकतंच. मी हे समजावायला तोंड उघडणार, तेवढ्यात मिस्त्रींनी पत्र्याचा एक ट्रे पायानं गाडीखाली सरकवला आणि मालकांना डावीकडचं दार उघडून दिलं.