शिंप्याची युक्ती

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी जीन्सची पँट घातली असेल. तिच्या खिशाच्या कोपऱ्याकडे तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? तेथे धातूची एक छोटी गोल टिकली ठोकलेली असते. तिला रिव्हेट म्हणतात. ती केवळ शोभेसाठी नसते. तिच्यामागे एका गरीब शिंप्याची अक्कल आणि मेहनत आहे. त्या शिंप्याचे नाव जेकब डेव्हिस.

जेकबचा जन्म १८३१ साली रीगा शहरात झाला. हे शहर त्या वेळी रशियन साम्राज्यात होते. आज ते लाटव्हिया देशाची राजधानी आहे. जेकब तेथे शिंपीकाम शिकला. १८५४ साली तो नशीब काढण्यासाठी अमेरिकेत गेला. तेथे त्याने इतर धंदेही करून पाहिले, पण त्यांत त्याला यश आले नाही. शेवटी सुई-दोराच त्याच्या कामी आला. रेनो नावाच्या नव्या रेल्वेगावात त्याने दुकान थाटले. तंबू, घोड्यांच्या झुली आणि गाड्यांची आच्छादने तो शिवू लागला.

त्या काळचे शिंपी पँट कशी शिवत, ठाऊक आहे? गिऱ्हाइकाचे माप घ्यायचे, कापडावर खडूने खुणा करायच्या, कापड बेतायचे आणि मग शिवायचे. खिसा मजबूत व्हावा म्हणून कोपऱ्यावर दोऱ्याचे जादा टाके घालायचे. अशी पँट अंगाला छान बसे. पण मजुरांच्या खिशांत अवजारे असत. त्यांच्या ओझ्याने शिवण उसवे आणि खिसा फाटे. हातावर पोट असलेल्या माणसाला वरचेवर नवी पँट कशी परवडणार?

१८७०-७१ च्या हिवाळ्यात एक बाई जेकबच्या दुकानात आली. तिचा नवरा लाकूडतोड्या होता. त्याच्यासाठी तिला न फाटणारी पँट हवी होती. जेकबने जाड सुती कापडाची पँट शिवली आणि तीन डॉलर किंमत घेतली. झुलींचे पट्टे पक्के करण्यासाठी तो तांब्याची रिव्हेटे वापरत असे. तीच त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकली. दोऱ्याला जे जमले नाही, ते धातूने केले!

या पँटीची कीर्ती मजुरांमध्ये पसरली. सुमारे दीड वर्षात जेकबने अशा २०० पँटी विकल्या. आता त्याला चिंता वाटू लागली. दुसऱ्या कोणी ही युक्ती उचलली तर? शोधाचा सरकारी हक्क, म्हणजे पेटंट, मिळवायला ६८ डॉलर लागणार होते. तेवढे पैसे त्याच्याजवळ नव्हते. त्याला इंग्रजीही नीट लिहिता येत नव्हते. तरी तो हताश झाला नाही. एका औषधविक्रेत्याच्या मदतीने १८७२ साली त्याने सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांना पत्र लिहिले. सोबत नमुन्याच्या दोन पँटी पाठवल्या. जेकब त्यांच्याकडूनच कापड विकत घेत असे.

विचार करा, जेकबने आपले सारे गुपित एका मोठ्या व्यापाऱ्यापुढे उघडे केले होते. पण स्ट्रॉस यांनी त्याला फसवले नाही. अर्ज प्रथम नामंजूर झाला, तेव्हा त्यात सुधारणा करण्यात आल्या. अखेर २० मे १८७३ रोजी पेटंट मिळाले. त्यात शोधक म्हणून जेकबचे नाव होते आणि स्ट्रॉस यांची कंपनी भागीदार होती.

जेकब सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि पँटींच्या उत्पादनावर देखरेख करू लागला. पूर्वी तो एकेका माणसाचे माप घेऊन पँट शिवत असे. आता ठरावीक मापांच्या हजारो पँटी अनेक कारागिरांच्या हातून तयार होऊ लागल्या. १९०८ साली जेकबचे निधन झाले.

पुढे आणखी एक गंमत झाली. मागच्या खिशांच्या रिव्हेटांमुळे खुर्च्यांवर आणि घोड्यांच्या खोगिरांवर ओरखडे पडत. म्हणून १९३७ साली कंपनीने ती कापडाखाली झाकली. १९६६ साली ती काढून तेथे यंत्राने दोऱ्याचे घट्ट टाके घालणे सुरू झाले. म्हणजे जुना टाका नव्या रूपात परत आला! मित्रांनो, जुनी रीत वाईट आणि नवी तेवढी चांगली, असे नसते. जी रीत माणसाची अडचण दूर करते, तीच टिकते. जेकबने एका मजुराची अडचण ओळखली. म्हणूनच त्याचे काम आजही आपल्या खिशांवर दिसते.