ॲन फ्रँक : डच भाषा आपलीशी करणारी निर्वासित मुलगी

विद्यार्थी मित्रांनो, ॲन फ्रँकची डायरी तुम्हाला माहीत असेल. पण ती कोणत्या भाषेत लिहिली होती, सांगा बरं? बरेच जण जर्मन म्हणतील. ॲनची मातृभाषा जर्मनच होती. डायरी मात्र तिने डच भाषेत लिहिली. असं का झालं, ते पाहू या.

ॲनचा जन्म 12 जून 1929 रोजी जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात झाला. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू लोकांचे हाल सुरू झाले. ॲनचे वडील ओटो यांनी वेळीच देश सोडला. नेदरलँड्समधील ॲम्स्टरडॅम शहरात त्यांनी जॅमसाठी लागणाऱ्या पेक्टिनचा व्यवसाय सुरू केला. पाठोपाठ आई एडिथ व थोरली बहीण मार्गोट गेल्या. फेब्रुवारी 1934 मध्ये ॲनही तिथे पोहोचली. तेव्हा ती जेमतेम साडेचार वर्षांची होती.

देश नवा, भाषा नवी. आईला डच भाषा जड गेली; तिला जर्मनीची फार आठवण यायची. ॲन मात्र माँटेसरी शाळेत जाऊ लागली, मैत्रिणींबरोबर चौकात खेळू लागली आणि बघता बघता डच बोलू लागली. भारी बडबडी होती ती! मोठ्यांना जे अवघड गेलं, ते तिला खेळता खेळता जमलं.

पण मे 1940 मध्ये जर्मन सैन्य नेदरलँड्समध्येही घुसलं. 1941 मध्ये ज्यू मुलांच्या शाळा वेगळ्या केल्या. ॲनला आपली शाळा सोडावी लागली. त्याच वर्षी परदेशी राहणाऱ्या ज्यूंचं जर्मन नागरिकत्वही काढून घेतलं गेलं. आता तिला स्वतःचा असा देशच उरला नाही.

तेराव्या वाढदिवसाला तिला वही मिळाली. जुलै 1942 मध्ये हे कुटुंब वडिलांच्या कार्यालयामागच्या खोल्यांत लपलं. तिथे दोन वर्षं ॲन लिहीत राहिली. युद्धानंतर डच नागरिक होण्याची आणि लेखिका होण्याची तिची इच्छा होती. 4 ऑगस्ट 1944 रोजी सगळे पकडले गेले. 1945 च्या सुरुवातीला बर्गन-बेल्सन छावणीत ॲनचा मृत्यू झाला. ती 15 वर्षांची होती.

तिची पानं जपून ठेवली मीप खीस यांनी. त्या ओटो यांच्या कार्यालयात काम करायच्या. मीप स्वतः पहिल्या महायुद्धानंतर, 11 वर्षांच्या असताना, उपासमारीमुळे व्हिएन्नाहून नेदरलँड्सला पाठवलेलं मूल होत्या. परक्या घराने त्यांना आपलं मानलं होतं. 1947 मध्ये डायरी प्रसिद्ध झाली.

मुलांनो, ॲनने भाषा शिकली, मैत्री केली, तो देश आपला मानला. तिच्या बाजूने काहीच कमी पडलं नाही. म्हणून नवीन मुलाने जुळवून घ्यावं, एवढंच म्हणून भागत नाही. त्याला सांभाळून घेणारी माणसंही लागतात. तुमच्या वर्गात वेगळी भाषा बोलणारं मूल आलं, तर त्याला हसू नका. आधी त्याला खेळायला बोलवा. भाषा तिथूनच येते.